साहेबाचं, घरचं आणि हवेतलं

नाय, माइक हलवू नका, माझं बोलणं अजून सुरूच झालेलं नाय. गेला आठवडाभर या कार्यक्रमाचं सगळं मला विचारून चाललंय. हार कुठून आणायचा, पेढे कुणाकडचे, मॅडमच्या साडीचा काठ कोणत्या रंगाचा. सगळं विचारलं. आणि संगणकाची खोली बंद करायची, हे तेवढं विचारायचं राहून गेलं? ते मला इथं बसल्या बसल्या कळावं, तेही अध्यक्षांच्या भाषणात, शुभेच्छा आणि आभार यांच्या मधल्या एका वाक्यातून?

वाक्य मी नीट ऐकलंय. "चौसाळकर मॅडमच्या निवृत्तीनंतर संगणक कक्षाची जागा कापडाच्या साठ्यासाठी वापरण्यात येईल, कार्यालयात एकच नवा संगणक राहील, त्यावर एकच अधिकृत सॉफ्टवेअर राहील आणि ते काम एकच प्रशिक्षित व्यक्ती पाहील." यावर तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. वाक्य लई सुंदर होतं, अर्थ जरा मागून पोचला.

पुढच्या रांगेतून सुलेखा खुणा करतीय की आधी नावं घ्या. बरोबर आहे तिचं, रीत ती रीत.

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या उन्नती महिला गणवेश संस्थेच्या सल्लागार मंडळाचे प्रमुख, माननीय काकासाहेब. शाळेतून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, मुख्याध्यापक सुदर्शन सर. ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या सत्कारमूर्ती, आपल्या कार्यालयाचं आणि संगणकाचं सगळं काम पाहणाऱ्या भानुमती चौसाळकर मॅडम. समोर बसलेल्या माझ्या शिवणाऱ्या, काज-बटण करणाऱ्या, इस्त्री करणाऱ्या बायांनो. त्यांना सोडायला म्हणून आलेले आणि पेढ्यासाठी थांबलेले त्यांचे मालक लोक. आणि या कार्यक्रमासाठी दौलताबादहून आलेल्या माझ्या जाऊबाई, गीताबाई. तुम्हा सगळ्यांना साळूबाई बद्रीनाथ औताडे हिचा नमस्कार.

मी शाळेत चौथीपर्यंत गेले. पाचवीचं पुस्तक आणलं होतं, त्याला कव्हर घातलं होतं, उघडायचं राहिलं. या संस्थेत मी कापड बेतते. कात्री माझ्या हातात असली की मी कुणाचं ऐकत नाय, हे इथं सगळ्यांना मालूम आहे. म्हणून मला दोन मिनिटं दिली असतील. दोन मिनिटांत होणार नाय. काकासाहेब, घड्याळाकडं बघू नका, तुमच्या भाषणात मी बघितलं नव्हतं.

मॅडमबद्दल बोलायचं तर कुठून सुरुवात करायची? त्यांनी पत्रव्यवहार नीट केला, हे अध्यक्षांनी सांगितलं. वेळेवर यायच्या, हे सुदर्शन सरांनी सांगितलं. खरं आहे. पण वेळेवर तर आपल्या उस्मानपुऱ्यातला दूधवाला पण येतो. त्याचा आपण सत्कार करतो का? मॅडमनी जे केलं ते मी आजवर दुसऱ्या कुणाला करताना बघितलं नाय. ते सांगते, आणि त्यातच त्या खोलीचं काय ते आलं.

आपल्याकडं एका बंद पडलेल्या कार्यालयातले तीन जुने संगणक आले, तेव्हाची गोष्ट. मंडळाची बैठक झाली. यावर ऑफिसचं सॉफ्टवेअर कोणतं घालायचं? एक म्हणे हे, दुसरा म्हणे ते, तिसरा म्हणे माझ्या मेहुण्याला विचारतो. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ज्या वापरणार आहेत त्यांना विचारा."

काकासाहेब म्हणाले, "त्यांना यातलं काय कळतंय?"

मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच वापरून बघू देत."

आणि त्यांनी तिन्ही संगणकांवर तीन तऱ्हेची सॉफ्टवेअरं घातली. घरासाठी, अभ्यासासाठी आणि कामासाठी कोणतं बरं, ते बायांनी वापरून ठरवायचं. पंच म्हणून नेमलं मला. मी म्हटलं, "मॅडम, मला तो उंदीरसुद्धा धरता येत नाय." त्या म्हणाल्या, "साळूबाई, तुमचं यातल्या कुणाशी वाकडं नाही आणि कुणाशी सख्य नाही. पंच असाच असतो."

पहिल्या संगणकावर मायक्रोसॉफ्टचं ऑफिस होतं, ते वर्ड आणि एक्सेलवालं. ते विकत घ्यावं लागतं, किंवा वर्षाला वर्गणी भरावी लागते. आमच्या बायांनी त्याचं नाव पाडलं 'साहेबाचं', कारण शाळांचे आणि सरकारी कार्यालयांचे कागद बहुतेक त्यातच बनून येतात. दुसऱ्यावर लिब्रेऑफिस. ते फुकट, जुन्या संगणकावर चालतं, इंटरनेट असो वा नसो. त्याचं नाव 'घरचं'. तिसऱ्यावर गूगलचं डॉक्स आणि शीट्स. त्यातला कागद आपल्या संगणकात नसतोच, इंटरनेटवर कुठंतरी असतो आणि मोबाइलवरूनही उघडतो. त्याचं नाव 'हवेतलं'. ही नावं मॅडमनीसुद्धा घेतली. एकदा शाळेच्या बाईंना त्या फोनवर म्हणाल्या, "मॅडम, साहेबाचं पाठवू का हवेतलं?" पलीकडून त्यांनी विचारलं, "कोणत्या साहेबाचं?"

आता खरं सांगते. त्या खोलीत मी पहिल्यांदा गेले ती तोंड वाकडं करूनच. यंत्र म्हणजे यंत्र, त्यात काय बघायचं, असं मनात. मॅडम घरच्यासमोर बसल्या होत्या. वरच्या पट्टीवर सगळं इंग्रजी. मी म्हटलं, "हे मला वाचता येत नाय, मी चालले." त्या म्हणाल्या, "थांबा." त्यांनी कुठं कुठं दाबलं, ते बंद करून परत चालू केलं, आणि वरची सगळी पट्टी मराठीत. फाइल, शब्द, तक्ता, सगळं मराठीत लिहिलेलं. मी खुर्चीवर बसले.

मी विचारलं, "हे मराठी कुणी केलं?"

"बरीच माणसं आहेत. कुणी इथली, कुणी लांबची. फावल्या वेळात करतात."

"पगार किती?"

"बहुतेकांना काहीच नाही."

"मग करतात कशाला?"

मॅडम म्हणाल्या, "कुणाला तरी वाचता यावं म्हणून."

कुणाला तरी म्हणजे मला. ज्या माणसांनी मला कधी बघितलं नाय, ज्यांचं गाव मला ठाऊक नाय, त्यांनी एकेक शब्द बसवून ठेवला होता, की एखादी चौथी शिकलेली बाई येईल आणि तिला दार कुठं आहे ते कळेल. बायांनो, आपण शेजारणीला विरजण देताना दोनदा विचार करतो. मला त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नाय. वाईट वाटलं म्हणून नाय. एवढं मोठं काही बघितलं की पोट भरल्यासारखं होतं, तसं.

तर ते झालं घरचं. त्याचा मी घरासाठी काय उपयोग केला, ते सांगितलं तर आमचे मालक उठून जातील, पण सांगते. आमच्या मालकांना साखर आहे. रोज सकाळी बोट टोचून आकडा बघायचा. पुतण्यानं त्याचा जुना लॅपटॉप आम्हाला दिला होता, घरी इंटरनेटचं नाव नाय, म्हणून मॅडमनी त्यात लिब्रेऑफिस घालून दिलं. मी रोजचा आकडा रकान्यात लिहीत गेले. महिन्यानं मॅडमनी त्या आकड्यांवर बोट ठेवून एक खूण दाबायला सांगितली आणि पडद्यावर रेघ उमटली. रेघ सरळ चालली होती, आणि दर शुक्रवारी डोंगर. शुक्रवारी डोंगर, मग उतार, परत शुक्रवारी डोंगर.

मी घरी जाऊन विचारलं, "गुरुवारी तुम्ही दोरे-बटणं आणायला शहागंजच्या बाजारात जाता. अजून काय करता?"

"काय करणार? दोरे आणतो."

"दोऱ्यानं साखर वाढत नाय."

मग म्हणाले, "इमरती गरम असते गं त्या वेळेला." आणि वर मलाच म्हणतात, "तुझ्या कंप्युटरला माझ्या मागं कशाला लावलंस?" मी म्हटलं, "मी नाय लावलं. तुम्ही खाल्लंत, ते बोललं." बघा, हसताहेत तिकडं मागं बसून. आता डोंगर गेलेत. टेकड्या आहेत, त्या मी सोडून देते.

अभ्यासाचं म्हणाल तर आपली सुलेखा. दहावीला लग्न झालं, पोरं झाली, आणि आता मुक्त विद्यापीठातून बी. ए. करतीय, शेवटचं वर्ष. दिवसभर कॉलर लावायच्या आणि काम सुटल्यावर त्या खोलीत बसून प्रकल्प लिहायचा, घरबसल्या शिवणकाम करणाऱ्या बायांवर. तिनं सुरुवात घरच्यात केली. नंतर वाचायला म्हणून साहेबाच्यात उघडलं तर मोठे तक्ते सरकले, एक पान वाढलं. ती रडायला बसली. मॅडमनी रडू दिलं, मग म्हणाल्या, "दोघांची मांडणी थोडी वेगळी असते. ज्यात द्यायचं आहे त्यात शेवटचा हात फिरवायचा. आणि छापायचं असेल तर पीडीएफ करायचं, म्हणजे कागद गोठतो, मग तो कुठंही हलत नाही." तेव्हापासून ती शेवटचा हात साहेबाच्यात फिरवते, कारण तिच्या अभ्यास केंद्रात तेच लागतं.

एक दिवस मी तिच्या मागं उभी होते. तिनं धड्यांच्या नावांना खुणा करून ठेवल्या होत्या. तिनं एक जागा दाबली आणि पहिल्या पानावर अनुक्रमणिका आपोआप उतरली. कोणता धडा, कोणतं पान, ओळीनं. मग तिनं मध्ये दोन पानं घातली, परत दाबलं, आणि सगळे आकडे सरकून आपापल्या जागी बसले. लग्नाच्या पंगतीत मध्येच चार पाव्हणे आले आणि सगळी पंगत न बोलता, न रुसता सरकून बसली, असं कधी बघितलंय का तुम्ही? मी तर नाय बघितलं. मी सुलेखाला म्हटलं, "परत कर." तिनं परत केलं. मी म्हटलं, "अजून एकदा." ती म्हणाली, "मावशी, मला अभ्यास करू द्या."

हे तिन्हींत होतं, हे मला पंच म्हणून सांगितलं पाहिजे. कुणात सोपं, कुणात जरा वळसा घालून. पण होतं.

आता कामाचं. इथं मला माझ्या जाऊबाईंचं नाव घ्यावं लागणार आणि त्यांनी राग धरू नये. धरला तरी मी घेणारच. गीताबाई दौलताबादला राहतात. गावातल्या पाच-सहा बाया धरून त्या आपल्या शर्टांचं काज-बटण करतात. आधी काय व्हायचं? टेम्पोतून गठ्ठा जायचा, त्यात काही राहिलं तर फोन, फोनवर भांडण, भांडणात मूळ काम विसरायचं. मॅडमनी हवेतल्यात एक पान केलं. त्यात तक्ता. कोणता गठ्ठा, कुठल्या शाळेचा, किती झाला, आणि शेवटी शेरा. ते पान इथून मी उघडायचं आणि तिथून मोबाइलवर गीताबाईंनी.

पहिल्या दिवशी मी पडद्यासमोर बसले. मी काही दाबलं नव्हतं. आणि शेऱ्याच्या रकान्यात एक रंगीत रेघ आली, तिच्यावर चिमुकलं नाव, गीताबाई. मग अक्षरं उमटायला लागली. एक, मग दुसरं. कुणी समोर नाय, आवाज नाय, आणि अक्षरं उमटताहेत. मी पडद्याच्या मागं वाकून बघितलं. ती तिथं, किल्ल्याच्या पायथ्याला, तिच्या ओट्यावर बसलीय, आणि तिचं बोट इथं उस्मानपुऱ्यात माझ्यासमोर चाललंय. ती थांबली तर रेघ थांबते. ती खोडते तर खोडलेलं दिसतं. माणूस लिहिताना अडखळतो, ते मी आधी कधी बघितलंच नव्हतं. आपल्याला लिहून झालेलंच दिसतं ना नेहमी?

तिनं लिहिलं, "चार बाह्या उलट्या लागल्यात. कुणी लावल्या."

मी एकेक अक्षर शोधून लिहिलं, "चष्मा लावून बघ."

"चष्मा लावलाय. बाह्या उलट्याच आहेत."

"मग बटणं पण उलटी लाव. जोडी जमेल."

आणि हे सगळं पान शिवण विभागातल्या बाया दुसऱ्या संगणकावर वाचत होत्या, हे आम्हाला दोघींना मागून कळलं. त्यांना त्या दिवशी चहा लागला नाय.

पण मी सांगतेय ते भांडणासाठी नाय. गेल्या थंडीत माझी कंबर धरली होती. मी घरी निजून होते. कामावर परत आले, पान उघडलं, बसले. त्या रकान्यात रेघ आली आणि गीताबाईंनी लिहिलं, "कंबर कशी आहे." रेघ तिथंच थांबली, उघडझाप करत राहिली. मग तिनं ते मागून एकेक अक्षर करत सगळं खोडलं, आणि लिहिलं, "गठ्ठा मिळाला." आमच्या दोघींत असलं काही विचारायची पद्धत नाय. मी तिच्या घरी आजारी पडले तरी ती म्हणेल, पातेलं उपडं घाल. पण मी ते बघितलं होतं. खोडायच्या आधी बघितलं होतं. मी त्याच रकान्यात लिहिलं, "बरी आहे." ते अजून तिथंच आहे. दुसरं कुणी वाचलं तर कळायचं नाय की काय बरं आहे, गठ्ठा का बाही. गीताबाई, खाली बघू नका. मी तोंडावर हे परत बोलणार नाय.

मी विचार केला की माणसानं हे काय करून ठेवलंय. कुठं बसून केलं असेल? ज्यानं ती रेघ बनवली, त्याला ठाऊक तरी असेल का की ती दोन जावांच्या मध्ये येऊन उभी राहील?

आता अध्यक्ष म्हणतील, हे सगळं ठीक आहे, पण कामात चुका किती झाल्या? झाल्या ना. मीच सांगते. एका शाळेच्या शर्टांचं कापड आणलं, आणि सगळा ढीग बेतून संपला तरी पोरं उरली. आम्ही शहागंजातल्या व्यापाऱ्याला निरोप धाडला की कापड कमी दिलंस. तो बिचारा मीटरची पट्टी घेऊन आला, सगळं मोजून दाखवलं, चहा प्याला आणि गेला. कापड बरोबर होतं. मग कमी पडलं कसं?

मॅडम मापांचा तक्ता उघडून बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग मला बोलावून म्हणाल्या, "साळूबाई, उंचीच्या रकान्यातले काही आकडे उजव्या भिंतीला टेकलेत आणि काही डाव्या. डावीकडचे कोणते?"

मी वाकून बघितलं. डावीकडचे सगळे पाव, अर्धा, पाऊणवाले. आमच्याकडं माप लिहायची एक रीत आहे. माझ्या शिवणाच्या उस्तादानं मला शिकवली, मी इथल्या बायांना. साडेचोवीस लिहायचं तर चोवीसच्या पुढं दोन उभ्या रेघा. पाव असला तर एक, पाऊण असला तर तीन. खडूनं कापडावर, पेन्सिलीनं चिठ्ठीवर, सगळीकडं तसंच. मॅडमनी आकडे इंग्रजी टाइप करायला शिकवले होते, ते आम्ही केले, आणि पुढं आमच्या रेघा मारल्या. आणि त्या यंत्राला चोवीस समजतं, रेघा समजत नाहीत. रेघवाला आकडा त्याला आकडाच वाटेना, ते त्याला अक्षर समजलं आणि बेरजेत सोडून दिलं. म्हणजे ज्या पोराच्या मापात पाव, अर्धा, पाऊण होता, त्या पोराला यंत्रानं कापडच दिलं नाय. मॅडमनी तेच माप तिन्ही सॉफ्टवेअरांत घालून बघितलं. साहेबाचं, घरचं, हवेतलं, आमच्या रेघांपुढं तिघंही सारखेच. त्या एका बाबतीत मी तिघांना सारखे गुण दिले.

काकासाहेब, तुम्ही त्या वेळी म्हणालात, "बायांना सांगा, आजपासून रेघा बंद, पॉइंट पाच लिहायचं." आठवतंय का? मॅडम काय म्हणाल्या ते मला आठवतंय. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं त्यांचा हात तसा चाललाय. घाईच्या दिवसांत हात आपल्या वळणावरच जाणार. यंत्राला नवीन शिकायला काय होतंय?"

मग त्यांनी मला शेजारी बसवलं. शोधा आणि बदला, अशी एक सोय असते. "आधी पाऊण बदलू," म्हणाल्या, "मग अर्धा, मग पाव. आधी अर्धा बदलला तर पाऊणमधल्या दोन रेघा जातील आणि एक उरेल, मग गोंधळ." तीनदा दाबलं. सगळ्या शाळेच्या पोरांची मापं, एका श्वासात, डावीकडून उठून उजव्या भिंतीला जाऊन टेकली. प्रार्थनेला घंटा झाल्यावर पोरं रांगेत उभी राहतात तशी. मी म्हटलं, "परत करून दाखवा," तर मॅडम म्हणाल्या, "आता बदलायला काही उरलंच नाही."

पुढं त्यांनी शेजारी एक रकाना केला. आम्ही आमच्या रेघा मारायच्या, तो रकाना त्या वाचून आपला आपण आकडा करतो. आजही तसंच चालतं. आता विचारा, सत्कार कशाचा करायचा? सगळ्या गावानं आम्हाला सांगितलं की यंत्राप्रमाणं बदला. या एका बाईनं यंत्राला सांगितलं की या बायांप्रमाणं बदल.

तर पंच म्हणून माझा निकाल काय? मंडळानं मला तो कधी विचारलाच नाय, म्हणून इथं सांगते. आपल्याकडं शिलाईचं मशीन आहे, कापडाच्या कडा बांधणारं ओव्हरलॉकचं आहे, काजाचं आहे. आजवर कुणी विचारलं का की यातलं सगळ्यांत भारी कोणतं, तेवढंच ठेवू? शाळेला आणि कचेरीला कागद पाठवायचा तर साहेबाचं लागतं, कारण समोरचा त्यातच उघडतो. ते एका संगणकावर असलं तरी पुरतं, सगळ्यांसाठी विकत घ्यायची गरज नाय. घरी, जुन्या लॅपटॉपवर, नेट नसलेल्या ठिकाणी, मराठीतून शिकायला, घरचं. आणि चार हात चार गावांत बसून एका कामाला लागले असतील तर हवेतलं. त्याला नेट लागतं, नेट गेलं तर आधी सोय करून ठेवलेली पानंच उघडतात, हेही सांगून ठेवते. एकात केलेलं दुसऱ्यात नेताना डोळा ठेवावा लागतो. तेवढं माणसानं करायचं.

आता अध्यक्षांच्या त्या वाक्याकडं येते. कापडाला कोरडी जागा पाहिजे, हे मला कबूल आहे. पावसाळ्यात मागच्या खोलीला ओल येते, मीच तक्रार केली होती. पण इस्त्री विभागाच्या वरचा माळा रिकामा पडलाय, तिथं कापड राहतं. एकच सॉफ्टवेअर ठेवलं की गोंधळ होणार नाय, असं तुम्ही म्हणता. गोंधळ होणार नाय, कारण तिथं कुणी जाणारच नाय. एकच प्रशिक्षित माणूस येईल, केबिनमध्ये बसेल, चांगला असेल, मी त्याला नावं ठेवत नाय. पण गीताबाईंना कळायचं असेल की गठ्ठा कधी येतो, तर त्या केबिनबाहेर बसायला दौलताबादहून येणार का? आणि सुलेखाचा प्रकल्प अर्धा झालाय. तो तिनं कुठं पुरा करायचा? घरी तिच्याकडं संगणक नाय. तिचं वर्ष जाईल. तुमच्यासाठी ती एक खोली आहे, तिच्यासाठी ते बी. ए. आहे. शहरातल्या कॅफेत जा म्हणाल, तर काम सुटल्यावर तिला घरचे तिथं जाऊ देणार नाहीत, इथं जाऊ देतात, कारण इथं आम्ही असतो.

मी सुलेखाला आत्ता बघतेय. तुमचं वाक्य झाल्यापासून तिनं हातातला पेढा खाल्ला नाय.

आणि मॅडमच्या जागी कोण, म्हणून बाहेर शोधायचं कारण नाय. मॅडमनी दोन वर्षं सगळं सुलेखाला शिकवलंय. तिला रेघा येतात आणि रकानाही येतो. तिनं अर्धा दिवस कॉलर लावाव्यात, अर्धा दिवस खोली सांभाळावी. मी मॅडमना विचारलं होतं, ती सांभाळेल का. मॅडम म्हणाल्या, "मी पहिल्या वर्षी जेवढं सांभाळलं त्यापेक्षा बरं."

मॅडम, तुम्ही लेकीकडं इंदूरला चाललात. जा. नातवाला खेळवा. आमची पानं हवेत आहेत, तुम्हाला तिकडून उघडता येतात हे मी विचारून घेतलंय. कधी वाटलं तर उघडा. काही लिहायची जरूर नाय. ती रंगीत रेघ आली आणि वर तुमचं नाव दिसलं, की आम्ही समजून घेऊ. तुमचे उपकार मानायला मला शब्द येत नाहीत, आणि जे येतात ते भाषणात शोभत नाहीत.

या कार्यक्रमाला जागा देणाऱ्यांचे, आलेल्या सगळ्यांचे, सुदर्शन सरांचे आणि मला माइक दिल्याबद्दल संयोजकांचे आभार, जरी त्यांना आता पश्चात्ताप होत असला तरी. माझ्या बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं नाव मागं-पुढं झालं असेल, मालकांच्या इमरतीचं चारचौघांत निघालं असेल, तर ते माझ्या जिभेचं आहे असं समजा आणि पोटात घाला. खोलीबद्दल जे बोलले त्याची मात्र मी माफी मागत नाय.

काकासाहेब, मंगळवारपासून सुदर्शन सरांच्या शाळेत नवीन मापं घ्यायची आहेत. टेप घेऊन जाणाऱ्या सगळ्या बाया या समोर बसल्यात, आणि त्यांच्याशी माझं आत्ताच, तुमचं भाषण चालू असताना, हळू आवाजात बोलणं झालंय, की खोली बंद तर टेपही बंद. खोली चालू राहणार का, तिन्ही संगणक तिथंच राहणार का, आणि सुलेखा ती सांभाळणार का, एवढं मला सांगा. व्हय म्हणा नाहीतर नाय म्हणा, मधलं वाक्य नको. सोमवारी संध्याकाळी काम सुटायच्या आत उत्तर पाहिजे.